पट्टे पहिल्यापासूनच होते

वेसावे, २४ जून

प्रज्योत,

हे पत्र विनिताताईचं आहे. तुझ्या सख्ख्या बहिणीचं. अक्षर विसरला असशील म्हणून आधीच सांगते. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड. भांडायला लिहीत नाहीये, कॉम्प्युटरचं काम आहे.

तुझा फोन लागत नाही. लागत नाही म्हणजे तू आम्हाला ब्लॉक केलंयस, तेवढं मला कळतं. गंधालीला वाढदिवसाचं घड्याळ पाठवलंस त्या खोक्यावर तुझा हिंजवडीचा पत्ता होता, तो मी कापून ठेवला. भाचीला घड्याळ पाठवणारा मामा आणि आईला एक फोन न करणारा मुलगा हा एकच माणूस कसा, ते मला अजून समजलेलं नाही. असो. म्हटलं ना, भांडायचं नाही.

तर काम असं. मासळीवाल्या बायकांच्या मंडळाची मला सचिव केलंय. बाजारात सगळ्यात जास्त तोंड माझं चालतं, म्हणून. मार्केट दुरुस्तीला काढणार म्हणतात, तेवढ्या दिवसांत आम्ही टोपल्या कुठे मांडायच्या त्याचे अर्ज करायचेत, आणि अर्ज टाइप केलेलाच लागतो. मला एकदम आठवलं, आयच्या घरात तुझा जुना कॉम्प्युटर धूळ खात पडलाय. पण जाऊन बघते तर धूळ नाहीच. आयने त्याच्यावर तिचं हिरवं लुगडं घालून ठेवलंय, चांगलं जरीचं, लग्नाकार्यात नेसायचं. मला काही कळलं नाही. घरात तुझं नाव काढलेलं तिला चालत नाही, आणि तुझ्या खोक्याला जरीचं लुगडं!

झेरॉक्सवाला सम्यक येऊन बघून गेला. म्हणाला, ताई, मशीन म्हातारं झालंय, याला नवीन विंडोज झेपणार नाही, लिनक्स टाका, मस्त पळेल. पेनड्राइव्ह दिला, कसं करायचं ते सांगितलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात दिंडोशीला नोकरी लागली म्हणून गेला. आता फोन उचलत नाही. उचलणार नाहीत अशीच माणसं मला भेटतात.

मी त्याने सांगितलं तसं केलं. आधी एक यादी आली, त्यातली वरची ओळ निवडली, आणि पडदा काळा. वरच्या कोपऱ्यात एक छोटीशी रेघ उघडझाप करतेय, बस. मी चहा टाकला, प्यायले, आयचे दोन हंडे भरले, परत येऊन बघते तर रेघेची उघडझाप चालूच. वाट लागली यार.

हा कॉम्प्युटर तू स्वतःच्या हाताने जोडलास, त्याच्या पोटात काय आहे ते तुलाच माहीत. काय करू ते लिहून पाठव. पत्ता तोच आहे.

आय बरी आहे. तू विचारणार नाहीस, म्हणून सांगितलं.

विनिता


वेसावे, ४ जुलै

प्रज्योत,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, औषधाची चिठ्ठी! वर ताई नाही, खाली नाव नाही. कागद छापलेला, अक्षरसुद्धा तुझं नाही. "पेनड्राइव्ह लावून चालू कर. यादी आली की ई दाब. खाली क्वाएट स्प्लॅश असे दोन शब्द दिसतील. त्यांच्यापुढे जागा सोडून नोमोडसेट लिही. एफ दहा दाब." एवढंच, आणि खाली एक ओळ. पुण्यात राहून शब्द मोजून वापरायला लागलास की काय? आपल्या घरात असं कोणी बोलत नाही रे, आपल्याकडे मीठ मागायचं तरी अर्धा तास लागतो.

पण चाललं हां! नोमोडसेट लिहिलं आणि पडदा उजळला. अक्षरं मात्र एवढी मोठी आली की पलीकडच्या घरातून वाचता येतील. माऊस हलवला की बाण मागून येतो, रुसलेल्या नवऱ्यासारखा. मी गंधालीला फोन करून ओरडून सांगितलं, झालं, झालं! मग लिनक्स आत बसवलं, पडद्यावर आलं पेनड्राइव्ह काढून परत चालू करा, मी केलं. आणि परत काळं. तीच रेघ, तीच उघडझाप.

त्या खालच्या ओळीत लिहिलंयस की नोमोडसेट म्हणजे लिनक्सला सांगायचं, ग्राफिक्स कार्डाशी एवढ्यात बोलायला जाऊ नकोस, जेवढं दिसतंय तेवढ्यावर भागव. ते वाचून मी हसले. मग हसू गेलं. बाबांच्या बाराव्यापासून तू आणि आय असेच चाललायत ना? नोमोडसेटवर. मधे मी, मोठ्या अक्षरांची.

आणि हे बघ, मागच्या वायरी लावताना माझी बोटं लाल झाली. गंज चढलाय वाटतं. खाऱ्या हवेत इथे खिळासुद्धा टिकत नाही, तुला माहीतच आहे. टेबलावर तांदळाचे दाणेपण सापडले, म्हणजे उंदीर झालेत. आयला म्हटलं, उंदराचं औषध ठेवूया इथे. तर एवढी भडकली! "त्याच्या जवल काय ठेवू नको. तुना टायपिंग करायचं तर कर नि जा." मी म्हटलं, अगं, मी तुझ्याच घरातले उंदीर मारतेय, माझ्यावर का ओरडतेस? तर गेली चुलीशी आणि भांडी आपटत बसली.

गंजामुळे असं होतं का? की हा ड्रायव्हरचाच घोळ? लवकर सांग. अर्जाची तारीख जवळ येतेय.

विनिता


वेसावे, १३ जुलै

प्रज्या,

या वेळी चिठ्ठी जरा लांब होती. "गंज तिथे सगळ्यालाच चढतो, त्याने काही होत नाही" हे वाचून बरं वाटलं, आपल्या गल्लीची हवा तुला आठवते म्हणायची.

तू सांगितलंस तसं ते नोमोडसेट कायमचं लिहून टाकलं. म्हणजे आता दर वेळी लिहावं लागत नाही. मग ड्रायव्हर बसवायला गेले. तू दिलेली ती ओळ मी अक्षर न् अक्षर बघून टाइप केली, एका बोटाने. पासवर्ड मागितला, मी लिहितेय तर पडद्यावर काहीच उमटेना. मला वाटलं कीबोर्ड गेला. चार वेळा आपटला. नंतर गंधाली म्हणाली, तसंच असतं, पासवर्ड दिसत नाही. हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?

मग शंभरएक ओळी धडाधड वर गेल्या, जाळं ओढल्यासारख्या, आणि शेवटी लाल अक्षरात आलं की हा ड्रायव्हर या लिनक्सवर बसत नाही. म्हणजे कार्ड म्हातारं, त्याला जुनाच ड्रायव्हर लागतो, आणि जुना ड्रायव्हर नव्या लिनक्सला ओळखत नाही. बरोबर समजले ना मी? मग या दोघांची गाठ घालायची कोणी?

खरं सांगू का तुला? अर्ज तर मी कालच मार्केटसमोरच्या दुसऱ्या झेरॉक्सवाल्याकडून टाइप करून दिला. दहा मिनिटांचं काम होतं. पहिल्या दिवशीच करता आलं असतं. मला कॉम्प्युटर नको होता रे. मला तुला पत्र लिहायचं होतं, आणि काय लिहू ते सुचत नव्हतं. बरा आहेस का, असं लिहिलं असतं तर तू उत्तर दिलं नसतंस. पडदा काळा झालाय लिहिलं, तर आठवड्याभरात उत्तर आलं.

आता सुरुवात केलीच आहे तर बोलूनच टाकते. बाराव्याला लहूकाकाने विचारलं की होडी आता कोण बघणार. तू सगळ्या माणसांत म्हणालास, विका नाहीतर बुडवा, मला या मासळीतलं काही नको. बाबांना जाऊन किती दिवस झाले होते? आणि आय म्हणाली, "मंग या घराचा उंबरा परत चरू नको." दोघंही एका वाणाचे. तू बॅग उचललीस नि गेलास, तिने होडी लहूकाकाला देऊन टाकली. 'मंजुळाप्रसाद' नाव खरवडून काकाने दुसरं नाव रंगवलं. त्या दिवसापासून आय कधी बंदरावर गेलेली नाही. नारळी पौर्णिमेला अख्खा कोळीवाडा नटून वाजतगाजत जातो आणि ही दार लावून घरात बसते. मी हाक मारली तरी उघडत नाही.

मला वाटतं तू यावंस. बास. लिहिलं. या वर्षी पौर्णिमेला ये. राखीपण त्याच वेळी आहे. माझं मनगट नाही, तुझंच रिकामं राहतं एवढी वर्षं.

आता तू चिडून उत्तर पाठवणार नाहीस. तरी ड्रायव्हरचं काय करू, ते तेवढं कळव.

ताई


वेसावे, २३ जुलै

प्रज्या,

इतके दिवस काही आलं नाही, मला वाटलं संपलं. रोज पोस्टमनला टोकत होते, तो बिचारा मला बघून गल्ली बदलायला लागला. आणि काल पार्सल! आत पेनड्राइव्ह, त्यात जुनं लिनक्स, आणि तुझी चिठ्ठी की "हे टाक, यात त्या कार्डाचा ड्रायव्हर चालतो." येण्याबद्दल एक अक्षर नाही. हो नाही, नाही पण नाही. तुला नक्की काय म्हणायचंय ते देवाला माहीत.

आणि ती तेलाची बाटली कोणासाठी? वर नाव नाही. गुडघ्याला लावायचं तेल आहे, माझे गुडघे चांगले आहेत. मी आयला दिली, सांगितलं दुकानातून आणली. तिने झाकण उघडून वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि गप्प पदराखाली घेऊन गेली. कुठल्या दुकानातून, ते विचारलं नाही. जी बाई पापलेटच्या डोळ्यांवरून मला तीन प्रश्न विचारते, तिने काही विचारलं नाही.

तर जुनं लिनक्स टाकलं. या वेळी सगळं सुरळीत. ड्रायव्हरसुद्धा बसला, लाल अक्षरं नाहीत, बाण पटपट पळतो, अक्षरं बेताची. मी म्हटलं जिंकलो! पण पाचेक मिनिटं झाली की पडदा गोठतो. काहीही दाबा, ढिम्म. आणि ते पट्टे आहेतच. हिरवे नि गुलाबी उभे पट्टे, साडीच्या काठासारखे. ते ड्रायव्हर बसल्यावर जातील असं मला वाटलं होतं, पण नाही गेले. तसे ते मला आडवे येत नाहीत, दोन पट्ट्यांच्या मधून वाचता येतं. तेवढं गोठायचं बघ.

आणि पौर्णिमेचं सांग.

ताई


वेसावे, ३१ जुलै

प्रज्या,

बाप रे! केवढी मोठी चिठ्ठी! आणि या वेळी तुझ्या हाताने लिहिलेली, रागारागात, पेन कागदात घुसलंय. "कोणते पट्टे? कधीपासून? ताई, तू पट्ट्यांचं आत्ता सांगतेस? बटण दाबल्यावर लिनक्सच्या आधी जे पहिलं पान येतं, कंपनीचं नाव असलेलं, त्यावरही पट्टे आहेत का?"

बघितलं. आहेत. पहिल्यापासूनच होते, पहिल्या दिवसापासून. मला वाटलं तशीच डिझाईन असेल, कंपनीचं काहीतरी. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. तू लिहिलंयस की तिथेच पट्टे असतील तर लिनक्सचा काही संबंध नाही, ड्रायव्हरचाही नाही, आपण महिनाभर भलत्याच ठिकाणी शोधतोय, कार्डच खराब आहे. मग माझ्यावर कशाला खेकसतोस? कॉम्प्युटरचा डॉक्टर तू, पेशंटला कुठे दुखतं ते आधी विचारायला नको? पण खेकसलास ते बरं वाटलं. आणि वर "ताई" लिहिलंयस. ते मी दोनदा वाचलं.

तू म्हणालास, डबा उघड, कार्ड हळूच ओढून काढ, त्याच्या खालच्या सोनेरी दातांना खोडरबर घास आणि परत बसव. आय आज रत्नप्रभामावशीकडे गेली होती, म्हणून उघडला. डब्याची एक बाजू तू कधी स्क्रू लावून बंद केलीच नव्हतीस, गरम होतो म्हणायचास. ती बाजू नुसती टेकवलेली. हात लावला आणि सुटून आली.

प्रज्या, आतमध्ये काय बघितलं, ते ऐक.

ते कार्ड लाल आहे. गंज नाही रे, कुंकू! वरच्या कडेला हळद आणि कुंकू, थरावर थर, जुनं काळपट आणि वरचं लाल. पंख्यात झेंडूच्या पाकळ्या, सुकून तपकिरी झालेल्या. तांदूळ चिकटलेत. खोबऱ्याचा एक तुकडा खाली पडलाय, दगडासारखा. आणि दातांपाशी पांढरी साय धरल्यासारखं काहीतरी, चिकट, बोटाला लागतं.

कोणीतरी करणी केलीय. मला दुसरं काय सुचणार? तुझ्या वस्तूवर हळदकुंकू, नारळ, तांदूळ, आणि सगळं आत लपवलेलं! म्हणूनच तू घर सोडलंस, म्हणूनच तुम्ही दोघं बोलत नाही. माझ्या डोळ्यांसमोर एकेक माणूस यायला लागलं. लहूकाकाची बायको पहिली आली, होडी मिळाली ना त्यांना. मग ती कोपऱ्यावरची, तिच्याशी माझं जागेवरून भांडण झालंय. मी अशी तापले होते की तशीच जाऊन काकीला जाब विचारणार होते. किरणने हात धरून बसवलं. माझा नवरा तसा बोलत नाही, पण म्हणाला, आधी आयला विचार, घर तिचं आहे.

पण आयला कसं विचारू? ती घाबरली तर? तिला काही झालं तर? मी डबा होता तसा लावून, लुगडं घालून घरी आलेय. रबर घासलेलं नाही. मला काही म्हणजे काही कळत नाहीये.

ताई


वेसावे, २ ऑगस्ट

प्रज्या,

कालचा दिवस मी विसरणार नाही, म्हणून लगेच लिहितेय.

एक तारखेला मासेमारीची बंदी उठली, सगळ्यांच्या होड्यांची गडबड चाललीय, पौर्णिमेची तयारी. आय ओसरीवर सुके बोंबील निवडत बसली होती. मी म्हटलं, आय, रागावू नको, तुझ्या घरात कोणीतरी करणी केलीय. प्रज्याच्या कॉम्प्युटरमध्ये हळदकुंकू घालून ठेवलंय.

तिने मान वर केली नाही. बोंबील निवडत राहिली. मग म्हणाली, "मीच लावते."

मला वाटलं हिचं डोकं फिरलं. मी म्हटलं, कशाला? तर माझ्यावरच उखडली. "कशाला म्हंजे? होरी लहूला दिली. पुनवेला मी कोनाची पूजा करू? लोकांच्या होरीची?"

मग हळूहळू बोलली. तू तो कॉम्प्युटर जोडत होतास तेव्हा ती शेजारी बसून बघत होती म्हणे. तुला आठवतं? तिने विचारलं होतं, यान काय करतंस? तू म्हणालास, आये, मी यातून लांब लांब फिरून येतो, खोलीतून न हलता. मग तिने एकेक वस्तू विचारली आणि ते कार्ड आत बसवताना तू म्हणालास, हे याचे डोळे, हे नसेल तर याला काहीच दिसणार नाही. एवढं तिने धरून ठेवलं. तू गेल्यावर पहिली पौर्णिमा आली, तेव्हा तिने दार लावलं, डब्याची बाजू काढली, आणि होडीच्या पुढच्या टोकाला लावायची तसं हळदकुंकू त्या कार्डाला लावलं. फूल वाहिलं. नारळ फोडला आणि होडीवर शिंपडतात तसं पाणी शिंपडलं. दर वर्षी. नारळाचं गोड पाणी, विजेच्या वस्तूवर! आणि आपण दोघं ड्रायव्हर बदलत बसलो होतो.

मी म्हटलं, अगं आय, त्यानेच तर तो बिघडला. पाण्याने त्याची वाट लागली.

तिने हातातला बोंबील खाली ठेवला. चेहरा एवढासा झाला. म्हणाली, "माज्यामुलं?" तोच बोंबील परत उचलला, परत ठेवला. आणि मग म्हणाली, "दर्यावर गेलेल्याची आयस काय करल ग? पोराला घरची वाट दिसली पायजे ना. म्हनून डोल्यांना लावलं."

मी तिथेच रडले. ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, बोंबलांच्या ढिगापुढे. ती नाही रडली. ती मलाच म्हणाली, गप, लोकं बघतान.

तर आता हे काम तुझ्याकडे आलंय. रबर माझ्या हातात आहे. कार्ड घासायचं तर ते सगळं पुसावं लागेल. तू लिहिलं होतंस नीट पूस, कोरडं कर, परत बसव. मी नाही पुसणार. माझा हात धजत नाही. तू सांग, पुसू का? आणि हे मात्र छापील कागदावर कळवू नकोस.

तुझी ताई


नारळी पौर्णिमा, दुपार

प्रज्या,

तू आत आयच्या चटईवर झोपलायस, घोरतोयस, बाबांसारखा. मी ओसरीवर बसून लिहितेय. हे तुझ्या बॅगेच्या कप्प्यात सरकवणार आहे, पुण्याला गेल्यावर सापडेल. तोंडाने सांगायला गेले तर तू टिंगल करशील आणि मी भांडेन, म्हणून लिहितेय.

तुला काही गोष्टी दिसल्या नाहीत, त्या सांगायच्यात. तू सकाळी दारात उभा राहून "ताई" म्हणून हाक मारलीस ना, तेव्हा आय आत नारळीभाताला गूळ किसत होती. तुला वाटलं तिने ऐकलं नाही. ऐकलं. किसणी हातातच राहिली. मी म्हटलं, आय, प्रज्या. तिने पहिलं काय केलं माहितीय? धावत जाऊन कॉम्प्युटरवरचं लुगडं सारखं केलं. चोरी पकडली गेल्यासारखं. मग केसांवरून हात फिरवला, आणि मग बाहेर आली.

तू उंबऱ्याबाहेर तसाच थांबलास, बॅग खांद्यावर, खाली बघत. मी मनात म्हटलं, आता हिने तेच जुनं काही काढलं तर हा उलट्या पावली जाईल आणि मग जन्मात येणार नाही. आणि ती काय म्हणाली? "चपला भायेर काढ. आताच लादी पुसलीय." बस. एवढ्या वर्षांनी एवढंच. लादी पुसलेली नव्हती. मी सकाळपासून तिथेच होते, मला माहीत आहे.

तू पुसायचं का नाही ते कळवलं नाहीस. आलास, जेवायच्याही आधी डब्यापुढे बसलास आणि कार्ड काढून तळहातावर घेतलंस. किती वेळ बघत होतास! मला वाटलं आता खिशातून रबर काढशील. तेवढ्यात आय पूजेचं ताट घेऊन आली, सवयीने, आणि तुला बघून मधेच थबकली. नेमकं तेव्हाच तू म्हणालास, "आये, लाव की." ती म्हणाली, "नको. बिघरतं म्हंतं ही." मी मेले लाजेने. आणि तू हात पुढे केलास नि म्हणालास, "बिघडू दे."

तिने हळद लावली, कुंकू लावलं. नारळाचं पाणी शिंपडलं ते तुझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, मी आल्याआल्या बांधलेली राखी भिजली. विजेच्या वस्तूला पाण्याचा थेंब लागला तर बोंबलणारा तू, पण हात मागे घेतला नाहीस. आय मग माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तेव्हा ती रडत होती, तुला तिकडून दिसलं असेल, मला इकडून नुसते खांदे दिसले.

मग तू ते पुसलंस, घासलंस, परत बसवलंस, बटण दाबलंस, आणि काय? पट्टे! हिरवे नि गुलाबी, जसेच्या तसे. आपण तिघं एकदमच हसलो. तू म्हणालास, हे गेलं कामातून, दुसरं कार्ड आणावं लागेल. तर आय म्हणते, "कवा आनशील?" तू म्हणालास, पुढच्या शनिवारी. तुझ्या लक्षात आलं नसेल, पण तू बोललास आणि ती लगेच आत गेली, मी मागून गेले तर फडताळ उघडून बघत होती की शनिवारपर्यंत सुकट पुरेल का.

ते जुनं कार्ड तिने देव्हाऱ्यात ठेवलंय, तुला विचारलं असेल नसेल. ठेवू दे. तिकडे कितीही पाणी शिंपडलं तरी कोणाचं काही बिघडत नाही.

आता माझं एक ऐक. लिनक्स, ड्रायव्हर, नोमोडसेट यातलं मला आजही धड काही कळलेलं नाही, आणि माझा अर्ज कधीच जाऊन मंजूरसुद्धा झाला. या घरात त्या कॉम्प्युटरची कोणाला म्हणजे कोणाला गरज नाही. तो चालू झाला की तू म्हणशील, झालं काम. म्हणून सांगते, शनिवारी येताना कार्ड आण, पण एकदम चांगलं आणू नकोस.

तुझी ताई